न उघडलेली चिठ्ठी

आमच्या घरी देवाला विचारायची एक पद्धत होती. बाबा खमरियाच्या कारखान्यात कामाला, त्यांचा जेवणाचा डबा स्टीलचा, तीन खणांचा. घरात एखादा मोठा प्रश्न अडला की रविवारी चर्चहून आल्यावर बाबा त्यातला वरचा खण पुसून टेबलावर ठेवायचे. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असायचं. त्याचं त्या दिवसाचं पान फाडायचं, आडवे दोन तुकडे करायचे, मागच्या कोऱ्या बाजूला दोन उत्तरं लिहायची आणि घड्या घालून डब्यात टाकायची. झाकण लावून डबा हलवला की सगळ्यांनी डोळे मिटायचे, बाबा प्रार्थना करायचे, आणि ज्याचा प्रश्न त्याने एक चिठ्ठी उचलायची. जे निघालं ते देवाचं उत्तर.

दुसरी चिठ्ठी उघडायची नाही, हा पक्का नियम. ती तशीच घडीत स्टोव्हवर जाळायची. उत्तर मिळाल्यावर दुसरी उघडून पाहणं म्हणजे देवाची उलटतपासणी घेणं, असं बाबांचं म्हणणं. निघालेली चिठ्ठी मात्र ज्याची त्याने जपून ठेवायची.

पाळकसाहेबांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. आमचं चर्च हिंदी, घर तेवढं मराठी. ते बाबांना एकदा दारातच म्हणाले, "भैया, परमेश्वर को डब्बे में मत बंद करो." बाबा हसले, पण डबा काही सोडला नाही. दादाने कुठलं कॉलेज घ्यावं हे डब्याने ठरवलं. स्कूटर घ्यायची का, तर 'नको' निघालं, आणि बाबा निवृत्त होईपर्यंत कारखान्याच्या बसने गेले. कुरकुर म्हणून केली नाही. मी ते पाहत मोठी झाले. देवाने नाही म्हटलं तर तोंड वाकडं करायचं नाही, हे मी प्रवचनातून नाही, त्या बसथांब्यावरून शिकले.

बाबा गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. इथल्याच एका दवाखान्यात नर्स. दादा लग्न करून नागपूरला स्थिरावलेला. आई साठीची, गुडघे थोडे कुरकुरायचे, बाकी धडधाकट. सराफ्यातून चालत फिरून यायची आणि वर मलाच म्हणायची, तू काहून दमून राहिली?

पुढच्या वर्षी नागपूरहून एक स्थळ आलं. माणूस रेल्वेत होता, टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायचा. दादाच्या चर्चमधला. दोनदा भेटलो. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्यासमोर बशीत ओतून चहा प्यायला आणि मग एकदम आठवून लाजले. मला तो माणूस फार आवडला. आता लपवायचं काय त्यात! रस्त्याने चालताना मी एकटीच हसायची. वॉर्डातल्या बायका विचारायच्या, दीदी, क्या बात है?

सगळं जमत आलं होतं आणि एका रविवारी आई म्हणाली, "एवढी मोठी गोष्ट हाय. बाबा असते तर देवाले विचारल्याशिवाय पाऊल टाकलं असतं का?"

मी म्हटलं, विचारू. मला भीती नव्हती. देवाने बशीतून चहा पिणारा माणूस उगाच थोडाच पाठवला, असं मला वाटत होतं.

बाबांची जागा आईने घेतली. तिनेच पान फाडलं, तिनेच लिहिलं. दोन शब्द ठरले होते, 'जा' आणि 'थांब'. मी तोवर आत जाऊन तोंड धुऊन आले. तिने प्रार्थना केली, चांगली लांब, बाबांचं नाव घेऊन रडली. मी हात घातला, चिठ्ठी उघडली. 'थांब'.

आईने डबा उचलला आणि दुसरी चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. नळ सोडला तो आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला वाटेल आपल्यापायी पोरगी रडून राहिली, उगीच तिच्या जीवाला घोर. बाहेर आले तेव्हा तिने चहा ठेवला होता आणि साखर जास्त घातली होती.

त्यांना मीच पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं. देवाचीच इच्छा नसेल तर मी कोण बोलणार, असं होतं त्यात. ते वर्षभर थांबले, दादाने सांगितलं. मग त्यांचं लग्न झालं. पुढे एकदा नागपुरात एका लग्नाच्या पंगतीत समोर आले, दोन मुलींना हाताशी धरून, आणि पहिला प्रश्न विचारला, "आई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बरी आहे. याच्यापुढे काय बोलतो माणूस?

मोह नव्हता असं नाही. पहिली दोन वर्षं तर रोज होता. स्टेशनवर कुणाला सोडायला गेले आणि नागपूरची गाडी लागलेली दिसली की पाय ओढायचे. चिठ्ठी फाडून टाक आणि बस गाडीत, कोण अडवणार आहे, असं मन म्हणायचं. मी घट्ट उभी राहायचे आणि बाबांचा बसथांबा आठवायचे. मोह टाळणं म्हणजे काही देवदूत येऊन हात धरत नाहीत. गाडी सुटेपर्यंत तिथं उभं राहायचं आणि मग रिक्षा करून घरी यायचं, एवढंच असतं ते.

आणि मग मी त्याची साक्ष द्यायला लागले. आमच्यात स्त्रियांची सभा असते, ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर आठवड्याला. तिथं कुणीतरी उठून आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगायचं. मला नेहमी उभं करायचे, कारण माझी गोष्ट पोरींना आवडायची. माझं मन एकीकडे धावत होतं, देवाने मला दुसरीकडे थांबवलं, मी त्याचं ऐकलं आणि त्याने मला शांती दिली. बायका डोळे पुसायच्या. आई दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसायची. माझं बोलणं संपलं की पहिलं 'आमेन' तिचं. खणखणीत. सोळा वर्षं.

सोळा वर्षं ती आमेन म्हणत राहिली! मी हे लिहिते आहे आणि अजून माझे कान तापतात.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आईच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आता ती अठ्ठ्याहत्तरची, पाय गेल्यातच जमा, पलंग ते खुर्ची एवढंच चालणं. अंगठा घ्यायचं मशीन घेऊन एक माणूस घरी आला होता, पण तिच्या अंगठ्याच्या रेषाच उमटेनात. तो मशीनवाला म्हणाला, अम्मा के पुराने कागज दिखाओ, ऑफिस में बात करता हूँ. मी आईची ट्रंक काढली. आई खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होती. ट्रंकेच्या तळाशी बाबांचा कारखान्याचा गेटपास होता, प्लास्टिकच्या पाकिटात. पास बाहेर ओढला तर त्याच्यामागून एक घडी पडली.

घडी बघूनच मला कळलं की ही डब्यातली आहे. आमच्या घरच्या घडीची ठेवणच वेगळी. उघडली. 'थांब'. आईचं अक्षर.

माझी चिठ्ठी तर माझ्या गीतांच्या पुस्तकात होती. मग ही कुठली? मी उठले, पुस्तक आणलं आणि दोन्ही तुकडे टेबलावर उलटे ठेवून जवळ सरकवले. एकावर रविवारच्या लाल आकड्याचा वरचा भाग, दुसऱ्यावर खालचा. फाटलेली कड कडेला बरोब्बर बसली. एकच पान. मग पुन्हा सुलटे केले. थांब. थांब.

म्हणजे डब्यात 'जा' नव्हतंच.

मी आईकडे बघितलं. तोंड उघडं, मान कलती, ओठाच्या कोपऱ्यात सुकलेला चहा. सकाळी मीच तिची वेणी घातली होती. त्या क्षणी मला वाटलं की या बाईला मी ओळखतच नाही. मशीनवाल्याने विचारलं, मिला क्या? मी म्हटलं, मिल गया भैया. दोन्ही तुकडे गीतांच्या पुस्तकात सारले, त्याला कागद दिले, चहाही दिला.

मी आईला काही बोलले नाही. तीन महिने. बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण देवाशी मात्र भांडले, अगदी नळावर भांडतात तशी. म्हटलं, तुझ्या नावावर खपवलं सगळं आणि तू गप्प बसलास? मी तुझं समजून जे इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरले, ते तुझं नव्हतंच, आणि तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही? चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना एक ओळ येते, तुझ्या मनासारखं होवो या अर्थाची. तिथं आले की मी तोंड मिटायचे. शेजारची बाई बघायची. बघू दे.

आणि नागपूरचा तो माणूस! त्याने वर्षभर वाट पाहिली, तीही या तुकड्यापायीच. त्यालाही फसवलं होतं, आणि त्याला ते कधी कळणार नाही.

जानेवारीत कुंडमहून निरोप आला. तिथं मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे, आजूबाजूच्या जंगलातल्या गावांमधून मुली येतात. त्यांना तिथंच राहणारी नर्स हवी होती. मी दरवर्षी तिथं तपासणीसाठी जायचे, मुली मला ओळखायच्या, खिडकीतून मोठ्याने हाका मारायच्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, दीदी, आप आ जाओ, आपके लिए कमरा खाली रखा है. पूर्वी मी लगेच नाही म्हटलं असतं. आईला घेऊन तिथं राहणं शक्य नाही, डॉक्टर लांब, जिने उंच. या वेळी मी म्हटलं, सांगते.

आणि दादाला फोन केला. कारण नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, आता तू ने आईला. तो लगेच हो म्हणाला. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, वहिनी घरी असते. त्याने इतक्या चटकन हो म्हणावं याचाही मला रागच आला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं त्याला!

आईला सांगितलं तर आपल्या हातांकडे बघत ती म्हणाली, "चिठ्ठ्या टाकू."

मी हसले. खरंच हसले, इतकं की ती दचकली.

"काहून हसून राहिली? मोठी गोष्ट हाय. देवाले विचारल्याशिवाय मी जाणार नाही."

"विचार की. कोण लिहिणार?"

"माझा हात कापते. तूच लिही."

उपवासकाळातला दुसरा रविवार होता. चर्चहून आले, आईला खुर्चीत बसवलं, बाबांच्या डब्याचा खण पुसून तिच्यापुढे ठेवला. रविवारचं पान फाडलं आणि स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर ठेवून लिहायला. शब्द ठरले होते, 'नागपूर' आणि 'घर'.

पहिल्या तुकड्यावर लिहिलं, नागपूर. दुसरा तुकडा घेतला आणि त्यावरही 'ना' लिहिलं.

चुकून नाही. अगदी शांतपणे लिहिलं. तिचीच शाळा, तिचाच धडा. तिने उचललं असतं, वाचलं असतं, देवाचं उत्तर म्हणून नागपूरला गेली असती, आणि मी कुंडमला. तिला कळलं असतं तरी ती कुणाला सांगणार होती? आणि खरं सांगते, मला त्यात पाप वाटलं नाही. मला फिट्टंफाट वाटलं. गाडीत बसायचा मोह होता तेव्हा निदान छाती धडधडायची.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. बाहेरून आईचा आवाज आला. ती प्रार्थनेची तयारी म्हणून गीत गुणगुणत होती, सूर सोडून, नेहमीसारखं. आणि माझ्या मनात आलं की आता ही डोळे मिटेल, मी समोर डोळे मिटून बसेन, आणि डब्यात तर उत्तर आधीच ठरलेलं असेल. ती तशी बसली होती माझ्यासमोर. त्या दिवशी तिला कसं वाटलं असेल? मी देवावर चिडलेली होते, पण त्याला उठवून त्याच्या जागी आपण बसावं एवढी माझी छाती नव्हती. माझ्या ट्रंकेत असला तुकडा मला नको होता. मी ते दोन्ही तुकडे चुरगाळून डस्टबिनमध्ये टाकले. बाहेर येऊन कॅलेंडरचं पुढचं पान फाडलं आणि त्यावर नीट लिहिलं. एकावर नागपूर. एकावर घर.

प्रार्थना आईने केली. या वेळी अगदी छोटी. हात डब्यात घातला, बराच वेळ चाचपडली, एक घडी काढून माझ्या हातात दिली. "वाच. बारीक अक्षर मले दिसत नाही."

मी उघडली. 'घर'.

कुंडमची ती खोली, खिडकीतल्या त्या मुली, सगळं त्या दोन अक्षरी शब्दासरशी गेलं. मी डबा उचलला, दुसरी चिठ्ठी जाळायला. तर आईने माझं मनगट धरलं.

"थांब. दुसरी बी उघड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दुसरी उघडत नाहीत आई. नियम आहे."

"उघड म्हणते ना. कॅलेंडरवर मंगळवार काहून दिसून राहिला? आज तर रविवार हाय. तू दोन पानं काहून फाडली?"

पाय गेले होते तिचे, डोळे नाही. मी दुसरी चिठ्ठी उघडली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. नागपूर. तिने ती हातात घेतली, जवळ नेली, लांब नेली, उलटी करून सोमवारचा काळा आकडा बघितला. मग तिचा चेहरा हळूहळू पडला. दुसऱ्या चिठ्ठीवरही 'घर'च असेल अशी तिला भीती होती, तसं नव्हतं, आणि असा संशय घेऊन आपण आपलीच जुनी लबाडी उघडी पाडली हे तिला कळलं.

मी उठले. गीतांचं पुस्तक आणलं, त्यातून ते दोन जुने तुकडे काढले आणि तिच्यापुढे ठेवले. कडेला कड लावून.

आई म्हणाली, "जाळाले गेली होती मी. हात नाही झाला."

"का केलंस?"

ती तुकड्यांच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"आई, तू नुसतं तोंडाने मागितलं असतंस तर मी थांबले असते. तुझ्याजवळ थांब म्हटलं असतंस तर मी हो म्हटलं असतं!"

"ठाऊक हाय मले," ती म्हणाली. "म्हणूनच नाही मागितलं. तू हो म्हणाली असती, अन् मंग जन्मभर माझ्यावर राग धरला असता. देवावर कोणी राग धरत नाही. मी म्हटलं, त्याच्यावरच टाकून द्यावं."

तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. तिने माझ्या रागापासून स्वतःला वाचवलं होतं, आणि त्यासाठी तिला देवच सापडला.

तिने हात पुढे केला. "दे ते. आता जाळून टाक."

"नाही. हे माझं आहे."

मी चारही तुकडे उचलले आणि पुस्तकात ठेवले. तिने पुन्हा मागितले नाहीत.

मग कुंडमला फोन लावला. वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं की येता येणार नाही, आई इथंच राहणार आहे. त्या हळहळल्या. म्हणाल्या, "कोई बात नहीं दीदी. प्रभु की मर्ज़ी."

मी म्हटलं, "हो. या वेळी त्याचीच."

त्यांना ते कळलं नसावं. फोन ठेवला. दादाला संध्याकाळी सांगणार होते. मी बाथरूममध्ये गेले, दार लोटलं आणि रडले. कुंडमसाठी, आणि त्या बशीसाठी, आणि त्या सगळ्या आमेनांसाठी. नळाकडे हात गेला होता, सवयीने. मी तो मागे घेतला. आई बाहेर चार पावलांवर खुर्चीत बसली होती, आणि तिला सगळं ऐकू जात होतं.